तळ्याकाठची एकोणीस आणि वीस

हॅलो?

…हो, मीच. लव्हॉनच. माझा फोन दुसरं कोण उचलणार?

…अगं मिळाले तुझे निरोप. सातच्या सात मिळाले. उत्तर कधी देऊ? परवा फ्लॉरिडात पाय ठेवल्यापासून मी नि ऑरिन नुसती राहायच्या गाड्या लावायची पार्कं बघत हिंडतोय. पायाला भिंगरी लागलीय. एका हिवाळ्याची जागा शोधतोय की लेकीला स्थळ, तेच कळेनासं झालंय.

…खाल्लं ना. उकडलेल्या शेंगा खाल्ल्या रस्त्यात. ते जाऊ दे. अगं ऐक ना…

…आर्डिस. आधी माझं ऐक, मग तुझं.

मी आत्ता ट्विडीजमध्ये आहे. ऑफिसच्या पडवीत. तिसरं पार्क, आणि शेवटचं, सांगून ठेवते. तळ्याकाठी दोन जागा आहेत, अगदी लागून. एकोणीस आणि वीस. एकोणीसमध्ये आमची घरगाडी, वीसमध्ये तुझी. मधे ओकचं मोठं झाड. मी माझ्या खिडकीतून हात काढला की तुझ्या खिडकीत कॉफीचा कप. मार्चपर्यंत.

…दिसतं म्हणजे काय! दारातून उतरलं की पाण्यात पाय.

…अगं, तसं म्हणायची पद्धत असते. खरंच पाय घालायचे नाहीत.

…असेल की मगर. फ्लॉरिडा आहे हे. इथल्या प्रत्येक तळ्यात एखादी असतेच. ही म्हातारी आहे म्हणे, नावसुद्धा ठेवलंय तिचं. ग्लॅडिस.

…नाही, माणसांना काही करत नाही. आणि डचेसला बांधून ठेवू. चौदा वर्षांची कुत्री ती, जेवायला उठायचा कंटाळा तिला, तळ्यावर कशाला जातेय मरायला?

…बरं. आता नीट ऐक. ऑफिसातल्या मिसेस टॅलबर्टनी या दोन जागा अकरापर्यंत आपल्यासाठी धरून ठेवल्यात. आत्ता सव्वादहा. कॅनडातलं एक जोडपं आलंय, ओंटारियोचं, ते त्याच जागांवर टपलंय. मला दिसताहेत इथून, तळ्याशी उभे राहून फोटो काढताहेत. तर तू आज हो म्हणायचं. 'बघते' नाही, 'कळवते' नाही. हो.

…कशी लावायची म्हणजे? मागे घेऊन. सगळीकडे लावतात तशी. समोरून रस्ता, मागे तळं, गाडी मागे घेतली की झालं.

…हॅलो?

…आहेस ना?

…लाँड्री? आता लाँड्री कुठून आली मधेच?

…आहे गं लाँड्री. सहा मशिनं आहेत. धुवायला आहेत, वाळवायला आहेत. इस्त्रीचं टेबलसुद्धा आहे, तुला तिथे इस्त्री करायचीय काय? कुणासाठी?

…सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं मला. खरंच सॉरी. तोंडातून निघून गेलं.

…हार्लन गेल्यावरही त्याच्या शर्टांना इस्त्री करतेस हे मला कुठे माहीत होतं…

…बरं. बरं. पण ऐक, एकोणीस आणि वीस.

…इस्पितळ? अकरा मैलांवर. काल गोल्फवालं पार्क बघितलं तिथून चार मैलांवर होतं, तेव्हा तुला काय खुपलं? म्हणे रात्रभर सायरन ऐकू येतील.

…मग त्याच्या आदल्या पार्कात सावली जास्त होती. झाडांवरून शेवाळाच्या दाढ्या लोंबतात म्हणालीस, भुतं वाटतात. फोटो मी पाठवला, भुतं तुला दिसली. आर्डिस, सदुसष्ट वर्षांची आहेस तू.

…हो, शफलबोर्ड खेळायला जागा आहे. हो, गुरुवारी सगळे मिळून जेवण, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. तुझा तो बटाट्याचा थर लावलेला आणलास तर इथली माणसं तुला मार्चमध्ये घरी जाऊ द्यायची नाहीत. … हो, चर्च आहे. ल्यूथरनच. कॉफी आपल्यासारखीच पातळ, मी पिऊन बघितली.

थांब हं. …काय रे ऑरिन? …नाही, अजून हो म्हणाली नाही. …मला माहितीय धक्का मासेमारीला चांगला आहे. तू चारदा सांगितलंस. जा, अजून एकदा बघून ये.

…अगं ऑरिन. तळं बघितल्यापासून बारा वर्षांचा झालाय. एकोणीस नंबरपुढच्या लाकडी धक्क्यावर खुर्ची कुठे टाकायची त्याची जागासुद्धा खडूनं आखून आलाय. चाळीस वर्षं त्यानं गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरले, बर्फावर कुडकुडत. त्याला म्हणे आता चड्डी घालून मासे धरायचेत. तेवढं एकच मागणं आहे त्याचं.

…तर मग? घेऊ?

…आता जुनी गाडी? हो, विचारलं मी. दहा वर्षांच्या वरच्या गाड्या काही पार्कांत घेत नाहीत, पण इथे घेतात. मिसेस टॅलबर्ट म्हणाल्या, फोटो दाखवा. मी दाखवला. त्या म्हणाल्या, अशी निगा राखलेली गाडी नव्यांतसुद्धा बघायला मिळत नाही. हार्लनची पुण्याई गं, हार्लनची.

…हॅलो? आवाज का चिरकतोय? …सर्दी? काल तर नव्हती.

…मग आता काय राहिलं? कुत्री झाली, लाँड्री झाली, इस्पितळ झालं, मगर झाली…

…पुन्हा तेच! सांगितलं ना, मागे घेऊन. आता नकाशाच काढू का फोनवर? आणि तुला काय करायचंय त्याच्याशी? गाडी तर तुझा लेक आणणार आहे नाताळनंतर. लायल घेईल मागे, लायल लावेल. तू आपली विमानानं ये, ओरलँडोला ऑरिन घ्यायला येईल.

बाय द वे, लायलचे चार फोन येऊन गेले मला कालपासून. या पार्कांच्या धांदलीत उचलायचे राहिले. काय म्हणतोय तो?

…काही नाही? चार फोन काही नाहीसाठी?

…हे काय वाजलं?

…ट्रक? तुमच्या गल्लीत एवढा मोठा ट्रक? काल टीव्हीवर तर दाखवत होते, तुमच्या मिनेसोटात गुडघाभर बर्फ पडलंय म्हणून.

…बरं, बर्फ उपसायचा असेल. सांग तू.

…ऊन येतंय डोळ्यांवर? मग पडदा ओढ ना.

…काचेला पडदा नाही? कुठल्या काचेला? स्वयंपाकघरात तुझ्या दोन-दोन पडदे आहेत, मीच शिवून दिलेत.

…आर्डिस.

…आर्डिस, खरं बोल. तू कुठे आहेस?

…टिफ्टन? टिफ्टन काय आहे? दुकान आहे का हे?

…जॉर्जियातलं टिफ्टन?

ऑरिन! ऑरिन, ती खुर्ची ठेव खाली आणि इकडे ये! आर्डिस जॉर्जियात आहे!

…मला नको सांगूस ओरडू नको म्हणून! कशात आहेस तू जॉर्जियात? …गाडीत? तुमच्या गाडीत? कोण चालवतंय?

…

…एकटी?

…थांब. मला बसू दे. इथे पडवीत झोपाळा आहे, मी बसते.

…कधी निघालीस? …मंगळवारी? म्हणजे आज चौथा दिवस! आणि तू चार दिवस मला फोनवर लाँड्री विचारतेयस?

…मग मध्ये सगळं… विस्कॉन्सिन, इंडियाना… अटलांटा? अटलांटातून गेलीस? त्या सात पदरी रस्त्यावरून? तू? अगं अटलांटात ऑरिन एवढ्या शिव्या देतो की मी रेडिओ मोठा करते!

…पुढे जाता येतं. बरं. पुढे जाता येतं म्हणे हिला.

…पण का? लायल आणणार होता ना?

…काय? …विकणार होता? कुणाला?

…आणि तुला न विचारता? …'आईच्या भल्यासाठी.' वा. …शनिवारी? म्हणजे उद्या गिऱ्हाईक यायचं होतं दारात? आणि तू मंगळवारीच…

…चिठ्ठी ठेवलीस? कुठे? …फ्रिजला चिकटवून. काय लिहिलंस?

…'गाडी नेतेय. मांस डीप फ्रीजमध्ये आहे.' एवढंच? अगं बाई, आर्डिस… म्हणून त्याचे चार फोन! आणि मी इथे मगरीचं नाव विचारत फिरतेय!

…नाही, हसत नाही. …हसतेय. थोडंसं. पण रागावलेही आहे मी, भयंकर रागावलेय. वाटेत काही झालं असतं म्हणजे?

…झालंय? काय झालंय?

…सावकाश सांग. काल संध्याकाळी. एका कॅम्पात रात्रीपुरती जागा घेतलीस. बरं. …मागे घ्यायची होती. …हो. …हो. …आणि नळाचा खांब. …मोडला? …कारंजं? किती उंच?

…आणि लोक खुर्च्या टाकून बसले होते बघायला. बसतातच. कुणी गाडी मागे घ्यायला लागलं की पार्कात नाटकाचा प्रयोग असतो, पहिल्या रांगेत बसतात मेले. आपणही बसलोय, आठवतंय? त्या आयोवावाल्याला बघायला तूच तर मका भाजून आणला होतास.

…नाही गं. रडू नकोस. खांब आहे, दुरुस्त होतो. कुणाला लागलं नाही ना? …मालक काय म्हणाला? …आणि तू भरपाई देऊन तडक निघून आलीस. …बरं. बरं केलंस.

…बरं, रड. रड तू. मी आहे इथेच.

…

…झालं? नाक पूस.

आता मला सांग, म्हणून तू प्रत्येक पार्काला तोच प्रश्न विचारत होतीस. गाडी कशी लावायची. भुतं नव्हती ती, सायरन नव्हते. मागे घ्यायची होती म्हणून. अगं मग बोलायचंस ना! तोंड कशाला दिलंय? तीन पार्कं मी पायाखाली घातली. गोल्फवाल्या बाईशी मी तुझ्यासाठी भांडले, म्हणे कुत्रीचं वजन करा!

…अगं ऑरिन लावून देईल. पाच मिनिटांचं काम. तू वेशीपाशी थांब, तो चढेल, घेईल मागे, संपलं.

…का नको?

…

…हं.

…कळलं. ऑरिननं लावली की लायलचं खरं ठरलं, आईला गाडी झेपत नाही. कळलं मला. …नाही, अजिबात वेडेपणा वाटत नाही. …वाटतोय, पण कळतोय.

थांब हं, मिसेस टॅलबर्ट आल्यात बाहेर. …हो, मिसेस टॅलबर्ट. …माझी बहीण आहे फोनवर. …अकराला अजून वीस मिनिटं आहेत ना? …हो, बघतेय मी, ते घाई करताहेत. मला एक सांगा, तुमच्याकडे आरपार जागा आहेत का? म्हणजे एका बाजूनं गाडी आत घालायची, दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायची. मागे घ्यायलाच नको. …आहेत? कुठे?

…लाँड्रीच्या मागे. …तिथून तळं? …अजिबात नाही. काय दिसतं मग? …गॅसची टाकी. बरं. आणि रस्ता. …दोन आहेत लागून? छत्तीस, सदतीस?

…ऑरिन, माझ्याकडे असं बघू नकोस. …ऐकलंस तू, मला माहितीय. …मासे काय, तिथून चालत गेलास तरी तेच मासे. …खुर्ची हातात घेऊन जायचं, त्यात काय. …अरे ती चार दिवस एकटी चालवत आलीय. अटलांटातून.

…

…हो म्हणतोय. मान हलवली त्यानं आणि गेला तिकडे. पाठ करून उभा आहे. …नाही, तू काही बोलू नकोस त्याच्याशी, दुपारपर्यंत होईल नीट.

मिसेस टॅलबर्ट, छत्तीस आणि सदतीस लिहा. एकोणीस-वीस द्या त्यांना. …हो, खात्रीनं. …द्या, कुठे सही करू? …लव्हॉन ऑस्टबी. …दुसरी जागा आर्डिस लिंडक्विस्ट. हो, एकटी. एक कुत्री.

…अगं आई गं! …नाही, काही नाही झालं. ती ओंटारियोची बाई आली आणि गळ्यातच पडली माझ्या. …हो, हो, तुमचं स्वागत आहे. …ग्लॅडिसला सांभाळा. …नाही, ग्लॅडिस म्हणजे… मिसेस टॅलबर्ट सांगतील तुम्हाला.

…हं, बोल. झालं. घेतल्या जागा. आता विषय संपला. टिफ्टनपासून इथवर तुझ्या वेगानं चार तास. आत्ता निघालीस तर तीन-साडेतीनला पोचशील. नीघ.

…म्हणजे काय, निघता येत नाही?

…कुठे आहेस तू नक्की? …किराणा दुकानाच्या आवारात. कालपासून? …आणि समोर? …कुंपण. नाक कुंपणाला लावून उभी केलीस. म्हणजे बाहेर पडायचं तर…

…मागे घ्यावी लागणार.

…देवा रे.

…नाही, ओरडत नाही मी. मी श्वास घेतेय. …आजूबाजूला काय आहे? …उजवीकडे मोटारी. डावीकडे ट्रॉल्या ठेवायचा पिंजरा. मागे? …तू बघितलंच नाहीस मागे.

…कोण ठोकतंय काचेवर? …दुकानाचा मॅनेजर. मग उघड ना काच. …आर्डिस, उघड. मी ऐकतेय.

…ऐकू आलं मला. गर्दी वाढतेय, तासाभरात हलवा म्हणाला. चांगलं बोलला बिचारा. आवाज मऊ आहे त्याचा.

…आता माझं ऐक. मला एक सांग. मागच्या बावीस वर्षांत ती गाडी किती वेळा मागे घेतली तुम्ही? …अंदाजे. …पाचशे? आणि मागे कोण उभं असायचं, हात हलवत, केसांत रुमाल बांधून? …हार्लनला मागचं काही दिसायचं तरी का? त्याची मान वळायची नाही. 'डावीकडे, हार्लन. अजून डावीकडे. सरळ कर. थांब म्हणते ना!' अख्ख्या पार्कला तुझा आवाज पाठ होता. अगं बाई, पाचशे वेळा ती गाडी तूच मागे घेतलीस. हार्लन नुसतं चाक फिरवत होता!

…खरं आहे की नाही?

…हं. तर आता चाकावर तू आहेस आणि मागे कुणी नाही, एवढाच फरक. मागे माणूस हवंय. कोण आहे आवारात?

…मॅनेजर नको? का? …घाबरवतो? बरं. दुसरं कोण?

…तो ट्रक? मघाशी वाजला तो? कशाचा आहे? …पावाचा. चालवतंय कोण? …बाई आहे! मग तर झालंच. ती रोज मागे घेते, रोज चार दुकानांच्या मागच्या दारांना. जा, उतर.

…उतर, आर्डिस.

…काय सांगू म्हणजे? सांग, मला गाडी मागे घ्यायचीय आणि मला येत नाही. एवढंच. …हो, 'येत नाही' म्हणायचं. जीभ झडत नाही त्यानं.

…नाही, मी फोनवरून नाही बोलणार तिच्याशी. तू बोल. चार दिवस घरी बसल्याचं सोंग केलंस माझ्याशी, आता एक खरं वाक्य बोल एका अनोळखी बाईशी.

…फोन चालू ठेव. खिशात टाक. जा.

…

ऑरिन, बोलू नकोस, ऐकतेय मी. …उतरली. …दार लावलं. …चालतेय. …

…बोलतेय ती.

…

…अगं ऐकलं! ऐकलं मी! काय नाव म्हणाली? ओपल. हसतेय कशाला ती? …तिच्या पहिल्या दिवशी तिनं दुकानाचं दार पाडलं होतं? बघ!

…बस आत. मला सीटवर ठेव, स्पीकर लाव. पट्टा लावलास? आरसे? …हार्लनच्या उंचीला आहेत अजून? अटलांटातून हार्लनच्या आरशांत बघत आलीस तू? खाली कर ते. दोन्ही. …आधी डावा. …आता उजवा. दिसते ओपल? …सगळी? पायापर्यंत? छान.

आता मी एक शब्द बोलणार नाही. ओपल सांगेल तसं कर.

…

…

…आर्डिस, सावकाश!

…बरं, गप्प बसते.

…

…काय आवाज झाला तो? …पिंजऱ्याला लागलं? …नाही लागलं, ट्रॉली पडली नुसती. ओपल ओरडली का? …मग थांबू नकोस. ती थांब म्हणेल तेव्हाच थांब. तिचे हात बघ, माझं ऐकू नकोस. कशाला ऐकतेस माझं?

…

…ऑरिन, हात सोड माझा, दुखतोय.

…

…थांबलीस? …कोण म्हणालं थांब? …ओपल. बरं. …का? …झालं?

…झालं म्हणजे? बाहेर आली? अख्खी? तोंड कुठे आहे? …रस्त्याकडे?

निघाली बाहेर! ऑरिन, काढली तिनं!

…कोण टाळ्या वाजवतंय? …मॅनेजरसुद्धा? …वाजवू देत. घे, हक्काच्या आहेत.

…ओपलला काहीतरी दे गं. …मफिन? चार दिवसांपूर्वीचे? …घेतले तिनं? भली बाई आहे.

…हं, बोल.

…काय?

…काय म्हणालीस?

…एकोणीस-वीस घे? आता? आर्डिस, आता?

…जमतंय म्हणून? एकदा जमलं म्हणून? अगं दिल्या मी त्या! तुझ्यासमोर दिल्या, तू फोनवर होतीस! मला दिसतंय इथून, त्यांनी खुर्च्या मांडल्या, दिव्यांची माळ बांधली, दारात पायपुसणं घातलंय कॅनडाच्या झेंड्याचं. ती बाई माझ्या गळ्यात पडली होती, आता कुठल्या तोंडानं जाऊ?

…नाही. नाही म्हणजे नाही. लाँड्रीच्या मागे राहायचं, गॅसची टाकी बघायची आणि सुखात राहायचं. तीन महिने तळ्याचं नाव काढलंस तर बघ.

…ऑरिनला? तू सांग त्याला, मी नाही सांगणार. त्यानं आत्ताच कुठे मन घट्ट केलंय.

…आणि लायलला फोन कर. …मी नाही करणार. माझा लेक नाही तो, तुझा आहे. …सांग त्याला, गाडी विकायची नाही. एवढंच सांग. रागावला तर रागावू दे, तू त्याची आई आहेस. …नाही, माफी नाही मागायची. मांस डीप फ्रीजमध्ये ठेवून आलीस ना, पुरे झालं.

…कर, पण कुठेतरी थांबून कर. दर तासाला थांब, मला फोन कर. पाणी पी. डचेसला उतरव…

…हा कसला आवाज येतोय? टिक टिक?

…वळायचा दिवा? वळायचा दिवा का लागलाय?

…आर्डिस, तू गाडी चालवतेयस का आत्ता?

…तू माझ्याशी बोलत बोलत महामार्गावर चढतेयस? ठेव! आधी फोन ठेव! …नाही, 'एक शेवटचं' नाही. …नाही, मला नाही ऐकायचं. …आर्डिस लिंडक्विस्ट, फोन ठेव म्हणतेय ना मी!

…काय?

…

…हो गं. मलाही कधी एकदा तुला बघतेय असं झालंय.

…ठेव आता.

…हॅलो?

…हॅलो?

…ठेवला, ऑरिन. …नाही, काही बिघडलं नाही. …निघाली ती. दक्षिणेकडे, एकटीच चालवत. निघाली.